बाबांचा हात डाव्या कोपऱ्याकडेच जातो

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. आमच्या सोसायटीचे हिशेब आणि नोटिसा तेच बघतात. दहा-बारा वर्षं त्यांनी विंडोज ७ वर काम केलं. दिवाळीत जुना कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून विंडोज ११ असलेला लॅपटॉप आणला. तेव्हापासून रोज एकच वाक्य ऐकतोय, ‘मला काही सापडत नाही.’ एक दुकानदार म्हणतो, विंडोज ७ मारून देतो. मारून घ्यावी का? की आहे तीच जुन्यासारखी दिसेल असं काही करता येतं? – एक वाचक, पुणे ३०

उत्तर : मारून घेऊ नका. घरगुती वापरासाठी विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० लाच थांबलं. क्रोमनेही २०२३ च्या सुरुवातीला तिची साथ सोडली. बाबा हिशेब बघतात, म्हणजे सोसायटीचं बँक खातंही त्याच लॅपटॉपवर उघडत असणार. शिवाय नव्या लॅपटॉपच्या वायफायला, टचपॅडला विंडोज ७ चे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं, बहुतेक वेळा मिळतच नाहीत.

आता ‘जुन्यासारखी दिसेल का’ याबद्दल. कोथरूडमध्ये ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवायला लागून मला पंधरा वर्षं झाली. ‘मला सापडत नाही’ असं म्हणणाऱ्याला कॉम्प्युटर येत नसतो, असं घरच्यांना वाटतं. खरं तर त्याला तो इतका सवयीचा झालेला असतो की कुठे काय आहे हे बघावंच लागत नाही, हात आपोआप जातो. म्हणून विंडोज कशी दिसते यापेक्षा बाबांचा हात कुठे जातो ते आधी बघा. अर्धा तास वही घेऊन त्यांच्या शेजारी बसा. काही सांगू नका, माऊस हातातून घेऊ नका. हात कुठे अडला तेवढंच लिहा.

नारायण पेठेतल्या माझ्या मामांजवळ मी अशीच बसले होते. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. त्यांचा बाण सरळ खाली डाव्या कोपऱ्यात गेला. विंडोज ११ मध्ये स्टार्ट मध्यभागी सरकलंय आणि त्या कोपऱ्यात हवामान येऊन बसलंय. मामांनी क्लिक केलं, पडदा बातम्यांनी भरला. त्यांनी तो बंद केला. पुन्हा कोपरा, पुन्हा बातम्या. तिसऱ्या वेळी त्यांनी माऊस सोडून हात मांडीवर ठेवला. तो हात अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

हे मिनिटभरात सुटतं. टास्कबारवर, म्हणजे पडद्याच्या तळाच्या पट्टीवर, मोकळ्या जागी उजवं क्लिक करा, ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा. तिथे ‘विजेट्स’ बंद करा, म्हणजे ते हवामान जाईल. खाली ‘टास्कबार बिहेव्हियर्स’मध्ये ‘टास्कबार अलाइनमेंट’ आहे, ते ‘लेफ्ट’ करा. स्टार्ट कोपऱ्यात परत येईल. तुम्ही आणखी काहीच केलं नाही तरी एवढं आजच करा. बटणांवर फाइलींची नावं दिसायची सवय असेल, तर त्याच जागी बटणं एकत्र करण्याचा पर्याय ‘नेव्हर’वर ठेवा.

दुसरी अडचण बहुधा उजव्या क्लिकची निघेल. विंडोज ११ चा मेनू आखूड आहे. कट, कॉपी, रीनेम यांची छोटी चिन्हं झाली आहेत. बाबांना शिफ्ट दाबून उजवं क्लिक करायला शिकवा, जुना लांबलचक मेनू तसाच उघडतो. तो कायमचा आणायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, बदल करावा लागतो. त्यात सरावलेलं कुणी घरात नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

डेस्कटॉपवरचं ‘माय कम्प्युटर’ही हवं असेल. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग थीम्स, मग ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’. ‘कम्प्युटर’वर खूण करा. ते ‘धिस पीसी’ नावाने येईल. नाव बदलून जुनं द्या. जुनं नाव वाचल्यावर मामा पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले.

एवढ्यावर भागलं नाही, तर ‘ओपन-शेल’ घ्या. ‘क्लासिक शेल’ नावाचं एक लोकप्रिय सॉफ्टवेअर होतं, २०१७ मध्ये त्याच्या कर्त्याने काम थांबवलं. तेच पुढे इतरांनी ‘ओपन-शेल’ या नावाने मोफत चालू ठेवलं. त्यात विंडोज ७ च्या धर्तीचा स्टार्ट मेनू निवडता येतो. डावीकडे प्रोग्रॅम, उजवीकडे डॉक्युमेंट्स आणि कंट्रोल पॅनेल, खाली शट डाउन. ते गिटहब या सॉफ्टवेअर ठेवण्याच्या साइटवरच्या त्याच्या मूळ पानावरूनच उतरवा. त्याआधी स्टार्टमध्ये ‘रिस्टोअर पॉइंट’ टाइप करून एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर आधीच्या स्थितीत परत जाता येईल, आणि मोठ्या अपडेटनंतर मेनू नीट उघडतोय ना, ते तुम्ही स्वतः बघा.

याच्या पुढे मात्र जाऊ नका. खिडक्यांच्या काचेसारख्या कडा, जुने आयकॉन, सगळं हुबेहूब करतो म्हणणारे थीमपॅक मिळतात. मामांसाठी मी असाच एक कुठल्याशा साइटवरून घेतला होता. पुढच्या अपडेटनंतर फोल्डर उघडले की लगेच बंद व्हायला लागले, आणि त्यांचं एका स्मरणिकेचं काम दोन दिवस अडलं. जुनं चित्र हवं असेल तर वॉलपेपर लावा, त्याने काही बिघडत नाही. मामांनी जुन्या विंडोज एक्सपीच्या वॉलपेपरवरची हिरवी टेकडी मागितली. ते तिला रंगवलेलं चित्र समजत होते. चार्ल्स ओ’रिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेला तो फोटो आहे, हे सांगितल्यावर कितीतरी वेळ ते बघत राहिले.

नोटिसांसाठी मराठी कीबोर्ड लागेल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण आधी विचारा, बाबा टाइप कसं करतात? पूर्वीपासून इनस्क्रिप्टवर, म्हणजे स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असं करत असतील, तर सेटिंग्जमध्ये भाषा वाढवताना साधा ‘मराठी’ कीबोर्ड ठेवा. ‘मराठी फोनेटिक’ वेगळा आहे. तो तुम्हाला सोपा वाटेल, पण त्यांची बोटं त्यावर अडखळतील. भाषा बदलायला कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबायचे. हे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा.

अर्ध्या तासाच्या वहीत याहून वेगळं काही निघालं, तर ती यादी मला पाठवा. फक्त ‘सापडत नाही’ असं लिहू नका. बाबांचा बाण पडद्यावर नेमका कुठे जाऊन थांबला, ते लिहा.