पैसा कधी येतो ते आधी विचार

नाशिक,
रविवार सकाळ

अनेक उत्तम आशीर्वाद.

असं लिहिलं की पत्र लिहितेय असं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप केलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला.

परवा कॉलेज रोडला चहा पिताना तू दोन गोष्टी एका दमात बोललास. पुण्याहून मोबाइल गेमच्या कंपनीची ऑफर आली, ही एक. आणि दुसरी, "ताई, हल्ली गेम बनवणारेच आळशी झालेत. शंभर जीबी उतरवून घ्या, आणि पहिल्याच दिवशी वर दुरुस्तीचा पॅच." पहिलीबद्दल मनापासून अभिनंदन. दुसरीवरून तेव्हाच भांडणार होते, पण तुला निफाडची बस गाठायची होती.

आळशी नाहीत रे. चौदा वर्षं मी त्यांच्यात बसले आहे. रिलीजच्या आठवड्यात रात्री दोनला ऑफिसात मॅगी शिजवून परत खुर्चीत बसणारी पोरं ती. गेम कसा निघणार हे बऱ्याचदा त्यांच्या हातातच नसतं. पैसा खेळाच्या आधी येतो, खेळताना येतो की खेळून झाल्यावर, यावर ते ठरतं. हे मला उशिरा कळलं. तुला लवकर कळावं म्हणून हा खटाटोप.

मी सहावीत असताना रविवार कारंजाच्या मागे एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. दादा मला घेऊन जायचा, आणि आत मुलगी मी एकटीच. रुपयाचं नाणं टाकायचं आणि 'मुस्तफा' खेळायचा. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा, पण नाशकात ते नाव कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. तिथे पैसा खेळतानाच यायचा, दर मरणाला एक रुपया. म्हणजे तू लवकर मरावंस यातच मालकाचा फायदा, पण इतकंही लवकर नाही की तू चिडून घरी जावंस. त्या मशिनांत अवघडपणा कमी-जास्त करायची सोय आतच असायची, हे मला फार पुढे कळलं. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी झाली की लेव्हलच्या शेवटचा बॉस एवढा चिवट का व्हायचा, याचा संशय मला तेव्हापासून आहे.

तेव्हा "पूर्वी गेम प्रेमाने बनवायचे, आता धंद्यासाठी बनवतात" हे डोक्यातून काढून टाक. धंदा पहिल्या नाण्यापासून आहे.

नंतर घरोघरी कार्ट्रिज आली, टीव्हीच्या गेममध्ये खुपसायची डबी. (आमच्या कार्ट्रिजवर '९९९९ इन वन' लिहिलेलं होतं, आत चारच गेम, फक्त नावं फिरवून. तो आपला देशी धंदा.) कार्ट्रिजमध्ये एक गोष्ट चांगली होती, एकदा छापली की छापली. पॅच नावाची भानगडच नाही. चूक राहिली तर ती जन्मभर राहणार, म्हणून बाहेर पाठवण्याआधी तपासणं भाग होतं. पण तिथेही तारखेने माणसाला खाल्लेलं आहे. १९८२ साली अटारी या गेम कंपनीने 'ई.टी.' सिनेमाचे हक्क घेतले. सौदा व्हायलाच जुलै संपत आला, आणि गेम नाताळला दुकानात हवा. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ नावाच्या प्रोग्रामरला जेमतेम पाच आठवडे मिळाले. त्याने ते वेळेत केलं, आणि गेम इतका पडला की १९८३ साली न खपलेल्या कार्ट्रिज न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४ मध्ये उकरून काढल्या तेव्हा त्या खरंच निघाल्या. आता गंमत बघ. याच माणसाने आधी 'यार्स रिव्हेंज' बनवला होता आणि तो लोकांनी डोक्यावर घेतला. त्याला काही महिने मिळाले होते. माणूस तोच, मशीन तेच. बदललं होतं ते कॅलेंडर.

मग इंटरनेट आलं आणि 'नंतर दुरुस्त करू' हा शब्द आला. या एका शब्दाने आमच्या धंद्याची जेवढी वाट लावली तेवढी कशानेच नाही. 'सायबरपंक २०७७' घे, तुझा आवडता. तीनदा तारीख पुढे ढकलली आणि शेवटी १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधीच ऐंशी लाख लोकांनी पैसे भरून ठेवले होते. पैसा खेळाच्या आधी! जुन्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर गेम धड चालत नव्हता, आणि तिथे तो कसा दिसतो हे विक्रीआधी दाखवलंच नव्हतं. त्याबद्दल कंपनीला माफी मागावी लागली. आठवड्याभरात सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला, तो जून २०२१ मध्ये परत आला. तू जो मन लावून खेळलास तो २०२३ च्या सप्टेंबरमधल्या मोठ्या अपडेटनंतरचा. म्हणजे पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्याला कच्चा माल आणि तीन वर्षं थांबून सेलमध्ये घेणाऱ्याला पिकलेला. मला यातली सगळ्यात झोंबलेली गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या एका संस्थापकाने नंतर व्हिडिओत सांगितलं की आमच्या चाचणीत यातल्या बऱ्याच अडचणी दिसल्याच नव्हत्या. मी टेस्टर होते. ते ऐकून मी लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर जाऊन आले.

कारण मला माझी दिवाळी आठवली.

पुण्यात एका कंपनीत होते, नाव सोड. फळं जुळवायचा फुकट गेम. फुकट गेममध्ये पैसा खेळ सुरू झाल्यावर येतो, तोही कंटाळा किंवा चीड यायला लागली की. तिथल्या मीटिंगमध्ये गेम मजेदार आहे का, हे कोणी विचारत नाही. डी-वन किती, डी-सेव्हन किती, म्हणजे आज आलेल्यांपैकी उद्या किती परत आले आणि आठवड्याने किती. एके दिवशी तक्त्यावर दिसलं की चौदावी लेव्हल लोक आरामात पार करतात. आरामात पार झाली की जास्तीच्या चालींसाठी जाहिरात कोण बघणार? लेव्हल बनवणारा मुलगा माझ्या शेजारी बसायचा, तुझ्याच वयाचा. त्याने फाइल उघडली, २४ चा आकडा खोडून १९ केला, सेव्ह केलं आणि चहाला गेला. पाच चाली. बाहेर कोणाला कळणार? लोकांना वाटणार, आपलंच डोकं आज चालत नाहीये.

आणि त्याच गेममध्ये मला एक बग सापडला. खेळताना फोन आला आणि कॉल जरा लांबला, की अ‍ॅप मागच्या मागे बंद पडायचं आणि सेव्ह फाइल रिकामी. मी त्याला लाल ठिपका लावला, 'ब्लॉकर', म्हणजे हे सुधारल्याशिवाय बाहेर जायचं नाही. दुपारी डबा खाऊन आले तर ठिपका पिवळा. 'नोन शिपेबल'. म्हणजे आम्हाला माहीत आहे, तरी पाठवतोय. मॅनेजरला विचारलं तर त्याने खरं ते सांगितलं, दिवाळीच्या जाहिरातींचे पैसे भरून झालेत, ते परत मिळत नाहीत. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या वरच्याला तिमाहीचा आकडा दाखवायचा होता, आणि त्याच्या वर ज्यांचा पैसा होता त्यांनी तर गेम उघडूनही पाहिला नसेल. भाऊबीजेच्या दिवशी एक रिव्ह्यू आला, एक तारा. एका बाईंनी लिहिलं होतं, रोज लोकलमध्ये खेळते, एकशे बाराव्या लेव्हलला होते, भावाचा फोन आला आणि सगळं गेलं. मी तो वाचला आणि पुढच्या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही स्वतः खेळून बघत नाही का?"

महाग गेमवाले यातून सुटलेत असं समजू नकोस. त्यांनी दोन्हीकडून घ्यायला सुरुवात केली, आधी पूर्ण किंमत, मग आत दुकान. २००६ मध्ये 'ओब्लिव्हियन'ने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं तेव्हा लोक हसले. २०१७ मध्ये 'बॅटलफ्रंट २'मध्ये ताकदच पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेटीत बंद करून ठेवली तेव्हा हसू संपलं. पुढच्याच वर्षी बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आणि एकाचा सदा चालू राहणारा गेम चालला की बाकीचे सगळे त्याच वाटेने पळतात. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' कित्येक वर्षं खपून बनवला, २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद. लोकांचे पैसे परत केले, स्टुडिओला कुलूप लागलं. चौदा दिवस. आपल्याकडे गणपतीसुद्धा दहा-अकरा दिवस घरात असतात.

आता तू म्हणशील, मग तारीखच नको. थांब. तुझ्या घरी द्राक्षांची बाग आहे, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. व्यापारी बांधावर येऊन उभा आहे, भाव बरा देतोय, आणि गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर शुगर पंधराच्या वर जात नाही. तोडला तर माल आंबट, आणि पुढच्या वर्षी तो व्यापारी दुसऱ्याच्या बांधावर. पण 'अजून आठ दिवस, अजून आठ दिवस' करत बसलं आणि अवकाळी आला तर? मणी तडकतात आणि बेदाण्यालासुद्धा कोणी विचारत नाही. 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' हा गेम १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये आला. पैसा होता, वेळ होता, तारीख तेवढी नव्हती. निघाला तो शिळा.

तेव्हा तारीख हवीच. फक्त ती बागेकडे बघून कोण ठरवतंय, हे बघ. आणि तुझे वडील विरळणीला काय करतात ते आठव. वेलीवर घड मोजून ठेवतात आणि बाकीचे, दिसायला चांगले असलेलेसुद्धा, कात्रीने खाली पाडतात. तू मला दाखवलेल्या कागदावर अकरा शस्त्रं, हवामान, बाजारपेठ आणि ऑनलाइन स्पर्धा होती. त्यातली तीन शस्त्रं ठेव. बाकी पाड. हात थरथरेल, माहीत आहे मला.

ऑफरचं म्हणशील तर जा. तुझ्या वडिलांवर सोसायटीचं कर्ज आहे, तेव्हा 'एकट्याने घरी बसून गेम बनवतो' हे सध्या नको. 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बरोनने एकट्याने चार वर्षांहून जास्त काळ बनवला हे तू मला दहा वेळा ऐकवलंस. तो त्या काळात एका नाट्यगृहात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम करत होता, हे एकदाही बोलला नाहीस. पण जाताना डोळे उघडे ठेव. पगार किती हे तर विचारशीलच. त्याबरोबर हेही विचार, की तारीख जाहीर झाल्यावर रिलीज थांबवायचा अधिकार इथे कोणाला आहे, आणि गेल्या दोन वर्षांत त्याने तो कधी वापरला का. उत्तरापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघ. शक्य असेल तर पहिलं वर्ष टेस्टिंगमध्ये काढ. लोक त्याला खालचं काम समजतात, समजू दे. आणि बग लिहिताना 'सेव्ह फाइल करप्ट' एवढंच लिहू नकोस. 'फोन आला की माणसाची महिन्याची मेहनत जाते आणि तो परत येत नाही' असं लिही. पैसेवाल्याला पहिलं वाक्य कळत नाही, दुसरं कळतं. हे मी त्या दिवाळीला लिहिलं असतं तर ठिपका कदाचित लालच राहिला असता.

एवढं करूनही नोकरीची हमी नाही. मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलर मोजून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड घेतली ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि जानेवारीत गेमिंगमधून एकोणीसशे लोक काढले. तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेव आणि ईएमआयवर बुलेट घेऊ नकोस.

चांगलं काय बघायचं? 'बाल्डर्स गेट ३' बघ. तो बनवणाऱ्या लॅरियन कंपनीनेही पैसे आधीच घेतले, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, पण हा कच्चा आहे असं सांगून, आणि जवळजवळ तीन वर्षं लोकांचं ऐकत तो पूर्ण केला. आणि घराजवळचं म्हणशील तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी', २०२० चा. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी केला. त्यातली लढाई मला कच्ची वाटते, पण पहाडी शैलीतली ती चित्रं आणि सावल्यांच्या बाहुल्या बघताना कुठेही 'जाहिरात बघा' असं कोणी म्हणत नाही.

जाता जाता. तू पाठवलेला डेमो काल रात्री खेळले. उडी छान जमली आहे, दुसऱ्या लेव्हलचा तो पाण्यावरचा पूल तर दोनदा खेळले. तिसरीला पोचले आणि आईला म्हटलं, तुझ्या फोनवरून मला एक रिंग दे, जरा बोलू. पाच मिनिटं बोललो, कैरीच्या लोणच्यावर. फोन ठेवून तुझा गेम परत उघडला तर मी पहिल्या लेव्हलला उभी. सोमवारी पुण्याला फोन करण्याआधी तेवढं बघ.

तुझी,
ताई