'रीझन ऑफ' की 'रीझन फॉर'? इंग्रजीत नामानंतर कोणतं प्रीपोझिशन येतं हे ओळखायचं कसं?

रीझनला फॉर, कॉजला ऑफ. 'द रीझन फॉर द डीले', पण 'द कॉज ऑफ द फायर'. मराठीत दोन्हींना 'कारण'च म्हणतात आणि दोन्हींआधी 'चं' येतं, म्हणून आपल्या हातून सरसकट ऑफ पडतं. ('कॉज फॉर कन्सर्न' असंही वाचायला मिळेल. तिथे कॉजचा अर्थच रीझनकडे झुकलेला असतो.)

आपल्या बऱ्याचशा चुका अशाच, मराठी प्रत्ययांमागे गेल्यामुळे होतात. समस्येवर उपाय, म्हणून 'सोल्यूशन ऑन'. प्रश्नाचं उत्तर, म्हणून 'आन्सर ऑफ'. कुणाशी लग्न, म्हणून 'मॅरेज विथ'. तिन्ही ठिकाणी टू हवं. बरं, 'वर' दरवेळी दगा देतो असंही नाही; अटॅक, इफेक्ट, बॅन, टॅक्स यांना खरोखरच ऑन लागतं.

खरी गोची क्रियापदाशी नातं असलेल्या नामांची. डिस्कस, डिमांड, एम्फसाइझ, लॅक ही क्रियापदं कर्म थेट घेतात, मध्ये काही लागत नाही. नाम आलं की मात्र प्रीपोझिशन लागतं, तेही ज्याचं त्याचं वेगळं: डिस्कशन अबाउट, डिमांड फॉर, एम्फसिस ऑन, लॅक ऑफ. मग लोक तेच उचलून क्रियापदाला चिकटवतात आणि 'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइझ ऑन' तयार होतं. मला हे सगळ्यात जास्त खटकतं, कारण ऐकून ऐकून ते कानाला बरोबरच वाटायला लागतं.

क्रियापदालाच प्रीपोझिशन असेल तर नाम बहुधा तेच ठेवतं: डिपेंड ऑन, डिपेंडन्स ऑन, ऑब्जेक्ट टू, ऑब्जेक्शन टू. विशेषणावर इतका भरवसा ठेवू नका. प्राउड ऑफ, पण प्राइड इन. इंडिपेंडंट ऑफ, पण इंडिपेंडन्स फ्रॉम.

अर्थावरून थोडा अंदाज बांधता येतो. काहीतरी हवं असण्याची नामं (नीड, रिक्वेस्ट, डिझायर, सर्च) फॉर घेतात. वाढ-घट, बदल दाखवणारी इन घेतात, पण आकडा आला की ऑफ: 'ॲन इन्क्रीज इन प्राइसेस', 'ॲन इन्क्रीज ऑफ 5 पर्सेंट'. कशात वाढ ते इन, किती वाढ ते ऑफ.

बाकी सगळं डिक्शनरीत बघायचं, आणि तीही इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेली लर्नर्स डिक्शनरी, कारण तिच्यात नामाच्या नोंदीतच प्रीपोझिशन दिलेलं असतं. फक्त नोंद नामाचीच उघडली आहे ना, एवढं तपासा. डिमांड, आन्सर, अटॅक हे शब्द क्रियापद म्हणूनही असतात आणि त्या नोंदीत तुमचं उत्तर सापडणार नाही.