वाचकांचे प्रश्न : उरुग्वेचे चार तारे आणि विजेतेपदांची मोजणी

या महिन्यात सोलापूरहून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील विजेत्यांविषयी आहेत. प्रश्न वेगवेगळे असले, तरी विजेतेपदे मोजायची कशी, ही अडचण चारही पत्रांत आहे. म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : शहरातील एका प्रश्नमंजूषेत ‘उरुग्वे किती वेळा विश्वविजेता झाला?’ असे विचारले गेले. माझ्या पुतण्याने ‘चार’ असे उत्तर दिले, कारण त्या संघाच्या जर्सीवर चार तारे आहेत. परीक्षकांनी ‘दोन’ हेच उत्तर ग्राह्य धरले आणि त्याचा संघ एका गुणाने हरला. खरे उत्तर काय? (एक वाचक, साखर पेठ)

उत्तर : प्रश्न विश्वचषकाचा असेल, तर उत्तर दोन, १९३० आणि १९५०. परंतु आपल्या पुतण्याचे उत्तर निराधार नव्हते आणि परीक्षकांनी ते ऐकून घेऊन प्रश्नाचे शब्द एकदा तपासायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

विश्वचषक सुरू होण्यापूर्वी जगभरचे संघ एकत्र येत ते ऑलिम्पिकमध्ये. १९२४ च्या पॅरिस आणि १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमधील फुटबॉल स्पर्धा फिफाच्या देखरेखीखाली झाल्या आणि दोन्ही उरुग्वेने जिंकल्या. पॅरिसमध्ये त्यांनी अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला ३-० असे हरवले. अॅमस्टरडॅममध्ये अर्जेंटिनाशी पहिला अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटल्याने तो पुन्हा खेळवावा लागला आणि तेव्हा उरुग्वे २-१ ने जिंकला. त्या काळात याहून मोठी स्पर्धा अस्तित्वातच नव्हती. म्हणून उरुग्वे या दोन सुवर्णपदकांना जगज्जेतेपद मानतो आणि चार तारे लावतो.

ही मोजणी १९२८ पाशीच थांबते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फुटबॉल नव्हतेच, आणि त्यानंतर विश्वचषक हीच सर्वोच्च स्पर्धा ठरली. ऑलिम्पिकमध्ये हौशी खेळाडूंची अट असल्यामुळे पश्चिम युरोपातील व्यावसायिक खेळाडू तेथे येऊ शकत नसत, आणि १९९२ पासून तर ती मुख्यतः २३ वर्षांखालील खेळाडूंची स्पर्धा झाली. त्यामुळे १९५२, १९६४ आणि १९६८ ची ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या हंगेरीला कोणी तीन वेळचा विश्वविजेता म्हणत नाही.

१९३० च्या पहिल्या विश्वचषकाविषयी थोडे अधिक सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता. जुलैत तिकडे उरुग्वे आपल्या पहिल्या राज्यघटनेची शताब्दी साजरी करत माँटेव्हिडिओत तेरा संघांचे यजमानपद भूषवत होता. समुद्रमार्गे लांबचा प्रवास असल्याने युरोपातून फ्रान्स, बेल्जियम, रोमानिया आणि युगोस्लाव्हिया असे चारच संघ आले. अंतिम सामन्यात चेंडू कोणाचा वापरायचा यावर उरुग्वे आणि अर्जेंटिना यांचे एकमत होईना, तेव्हा पहिल्या सत्रात अर्जेंटिनाचा आणि दुसऱ्या सत्रात उरुग्वेचा चेंडू घेतला गेला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे होता. शेवटी उरुग्वे ४-२ ने जिंकला. चौथा गोल करणाऱ्या एक्तोर कास्त्रो याने लहानपणीच एक हात कोपराखाली गमावलेला होता. होसे नासाझी हा १९२४, १९२८ आणि १९३० या तिन्ही वेळी कर्णधार होता, हे लक्षात घेतले म्हणजे उरुग्वेच्या लोकांना ही तीन विजेतेपदे एकाच माळेतली का वाटतात, हे समजते.

१९५० चा विश्वचषक तर ठरलेल्या अंतिम सामन्याविनाच झाला. शेवटच्या फेरीत चार संघ एकमेकांशी खेळले आणि १६ जुलै रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला विजेतेपदासाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. आधीच्या दोन सामन्यांत ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे हरवलेले होते. दुसऱ्या सत्राच्या प्रारंभी ब्राझीलने गोलही केला, पण शियाफिनोने बरोबरी साधली आणि ७९ व्या मिनिटाला गिगियाने उरुग्वेचा दुसरा गोल केला. पुतण्याला पुढच्या वेळी कोणी अडवले, तर त्याने ‘विश्वचषक दोन, ऑलिम्पिकसह चार’ असे पूर्ण उत्तर द्यावे.

प्रश्न : मी यंत्रमागावर रात्रपाळी करतो. मागील विश्वचषकाच्या वेळी आमच्या खात्यात वाद झाला. जर्मनीचे चार विश्वचषक सांगतात, पण त्यांतले तीन पश्चिम जर्मनीने जिंकले. मग ते आजच्या जर्मनीचे कसे? (एक वाचक, अशोक चौक)

उत्तर : १९५४, १९७४ आणि १९९० ची विजेतेपदे पश्चिम जर्मनीच्या नावावर आहेत, हे खरे. १९९० चा अंतिम सामना ८ जुलै रोजी झाला आणि एकीकरण ३ ऑक्टोबरला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत. परंतु विजेतेपद नोंदले जाते ते फुटबॉल संघटनेच्या नावावर. १९०० साली स्थापन झालेली जर्मन फुटबॉल संघटना फाळणीनंतर पश्चिमेत चालू राहिली आणि एकीकरणानंतर पूर्वेकडील संघटना तिच्यात विलीन झाली. त्यामुळे २०१४ चे विजेतेपद त्याच मालिकेतील चौथे ठरते. पूर्व जर्मनीचे १९७६ चे ऑलिम्पिक सुवर्णपदक मात्र आजही वेगळेच नोंदले जाते. १९७४ मध्ये दोन्ही जर्मनी हँबर्गला समोरासमोर आले, तेव्हा पूर्व जर्मनी १-० ने जिंकला होता आणि विजेतेपद अखेर पश्चिम जर्मनीला मिळाले, हेही आपल्या सहकाऱ्यांना जरूर सांगावे.

देश एकत्र येतो तेव्हा हिशेब सोपा असतो, फुटतो तेव्हा अवघड. १९६० चा पहिला युरो चषक सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियाला २-१ ने हरवून जिंकला. त्यात बरोबरीचा गोल स्लावा मेत्रेवेली या जॉर्जियन खेळाडूचा होता, तरी विक्रमांच्या वहीत ते विजेतेपद रशियाकडे गेले. १९७६ च्या चेकोस्लोव्हाकियाच्या संघात स्लोव्हाक खेळाडूंचा वाटा फार मोठा होता. एकट्या चेक प्रजासत्ताकाच्या खात्यावर ते विजेतेपद दाखवणे मला अपुरे वाटते.

प्रश्न : ‘युरो २०२०’ आणि ‘आशियाई चषक २०२३’ यांची वर्षे तक्त्यांत वेगवेगळी का आढळतात? (एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : स्पर्धेचे नाव आणि ती प्रत्यक्ष खेळली गेल्याचे वर्ष यांतील हा फरक आहे. करोनामुळे पुढे ढकलली गेलेली ‘युरो २०२०’ २०२१ मध्ये झाली आणि इटलीने ती जिंकली. २०२३ ची आशियाई आणि आफ्रिकी अशा दोन्ही स्पर्धा जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये झाल्या. पहिली कतारने, दुसरी आयव्हरी कोस्टने, दोघांनीही घरच्या मैदानावर जिंकली. याउलट १९५९ साली दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद एकाच वर्षात दोनदा खेळले गेले आणि अर्जेंटिना व उरुग्वे असे दोन विजेते झाले. तक्ता करताना दोन्ही वर्षांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत.

प्रश्न : भारत कधी आशियाचा विजेता होता का? माझे वडील होता म्हणत. मुले इंटरनेटवर पाहून नाही म्हणतात. (एक निवृत्त शिक्षक, बाळी वेस)

उत्तर : आपले वडील बरोबर सांगत होते. मुलांनी बहुधा आशियाई चषकाच्या विजेत्यांची यादी पाहिली असावी. १९५६ मध्ये सुरू झालेल्या त्या स्पर्धेत जपान चार वेळा जिंकून सर्वांत पुढे आहे आणि भारत तेथे एकदाही विजेता नाही. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये झालेल्या चार संघांच्या स्पर्धेत आपण दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग यांना हरवून उपविजेते ठरलो.

वडिलांच्या मनात असणार ती आशियाई क्रीडास्पर्धा. १९५१ मध्ये दिल्लीत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवले. गोल साहू मेवालाल यांचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तो सामना आपण ४-२ ने जिंकला आणि स्पर्धेत चौथे आलो. १९६२ मध्ये जकार्ताला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढे बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले, तेव्हा रहीम यांनी त्यांना आक्रमणात खेळवले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरियाच होता. पी. के. बॅनर्जी यांनी एक गोल केला, दुसरा जर्नेल सिंग यांनी, आणि भारत २-१ ने जिंकला.

त्या वेळी आशियाई क्रीडास्पर्धेत देशांचे मुख्य संघच उतरत; २३ वर्षांखालील खेळाडूंचा नियम तेथे २००२ पासून आला. म्हणून १९५१ आणि १९६२ चे सुवर्णपदक विजेते आशियातील सर्वोत्तम संघ होते, असे मी निःशंकपणे म्हणेन. मुलांना दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून दाखवा. आजोबांचे नाव त्यांना पुन्हा विश्वासाने घेता येईल.