तिळाची वडी, शाळेचा शिक्का आणि दोन मोसंबी

अगं,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. तू रडत बोलतेस आणि मागे ऐरोलीच्या सिग्नलचे हॉर्न, पहिल्यांदा निम्मं कळलंच नाही. कळलं ते एवढं की लेकीची पहिलीची ॲडमिशन झाली, मॅडमना तिच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं सांगितलंस, त्या म्हणाल्या काळजी करू नका आम्ही बघून घेऊ, आणि तू थँक्यू म्हणून बाहेर आलीस. ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मॅडम वाईट आहेत असं नाही गं. माझ्या मुलाच्या मॅडमही चांगल्याच होत्या.

तुला हे कधी नीट सांगितलं नाही. तो दुसरीत होता, शाळा घोडबंदर रोडला, संक्रांतीचा आठवडा. वर्गाच्या मॅडमना सगळं पाठ होतं, शेंगदाणा नाही, काजू नाही, त्याचा डबा त्या स्वतः बघायच्या. त्या दिवशी नेमका त्यांना ताप. बदली मॅडम आल्या, कौतुकाने सगळ्यांना तिळाची वडी वाटली, आता आपल्याकडची तिळाची वडी म्हणजे त्यात दाण्याचं कूट असणारच. याने अर्धी खाल्ली. मग ओठ सुजले, खोकला लागला, घशात काहीतरी अडकलंय म्हणायला लागला आणि आवाज घोगरा. त्यांनी त्याला दुसऱ्या मजल्यावरून जिने उतरवत चालत ऑफिसात आणलं, खाजेचं सिरप पाजलं, मला फोन केला आणि वाट बघत बसले. मी मानपाड्याला ट्रॅफिकमध्ये, शेवटी रिक्षा सोडून पळत सुटले. ॲड्रेनालिन, म्हणजे अशा रिॲक्शनवरचं इंजेक्शन, मिळालं ते हॉस्पिटलात, वडी खाल्ल्यावर जवळजवळ चाळीस मिनिटांनी. वाचला, आता इंजिनिअरिंगला आहे, उलट उत्तरं देतो. पण शाळेने नंतर जे सांगितलं ना, "आम्हाला कुठे माहीत होतं", ते खोटं नव्हतं. त्या वेळी त्या वर्गात खरंच कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्या घरी गोधडीत होत्या.

म्हणून तुझ्या मागे लागलेय. मॅडमना माहीत असून भागत नाही, वर्गाला माहीत पाहिजे, ऑफिसला, बसच्या मावशींना, पुढच्या वर्षीच्या मॅडमना पण. आणि ते कागदाशिवाय होत नाही.

कागद कसा असतो हे मला माझ्या नणंदेने शिकवलं, ती न्यू जर्सीत असते. तिकडे १९७३चा एक कायदा आहे, रिहॅबिलिटेशन ॲक्ट, त्याचं कलम ५०४. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला मुलाच्या आजारासाठी सोयी कराव्याच लागतात, मीटिंग होते, लेखी प्लॅन होतो, त्याला फाइव्ह-ओ-फोर प्लॅनच म्हणतात. तिच्या मुलीचा दीड पानी होता. त्यात "काळजी घेऊ" हा शब्द कुठेच नव्हता! कोण, कुठे, कधी, काय करणार, एवढंच.

आपल्याकडे असं काही नाही, हे आधीच डोक्यात घे म्हणजे मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये तोंडघशी पडणार नाहीस. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकार दिलेत, फूड ॲलर्जी त्यात नाही. म्हणजे कायदा दाखवून टेबलावर हात आपटायचा मार्ग बंद. पण "आमच्याकडे असा नियमच नाही" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांग की सीबीएसईने २०१७ला टाइप वन डायबिटीसच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेला सोबत खायला न्यायची परवानगी दिली, डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन. म्हणजे आजाराचा कागद असला की नियमात जागा करता येते.

आता पहिलं काम डॉक्टरचं. नुसतं "ॲलर्जिक टू पीनट" असलेलं सर्टिफिकेट आणू नकोस, ते फाइलला लागतं आणि तिथेच मरतं. एका पानावर इमर्जन्सी प्लॅन लिहून माग, फोटोसकट, सही-शिक्क्यानिशी. नुसत्या दोन-चार गांध्या उठल्या तर काय करायचं, आणि खोकला, आवाज बदलणं, धाप, पुन्हा पुन्हा उलटी, एकदम गळून जाणं यातलं काही दिसलं तर काय करायचं. दुसऱ्या भागात ठळक अक्षरात: आधी ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, मग १०८ला फोन, मग आईला. आईचा नंबर तिसरा, हे मुद्दाम सांगतेय, कारण सगळ्या शाळा आधी आईलाच फोन करतात. खाजेच्या सिरपने खाज कमी होते, घसा उघडत नाही आणि बीपी सावरत नाही, हे पण त्यात येऊ दे. मुलीला चालवायचं नाही, आडवं करून पाय वर, धाप असेल तर बसू द्यायचं. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात न्यायचंच, काही तासांनी रिॲक्शन पुन्हा उसळू शकते. आणि हे पान मराठी-हिंदीत पण कर, बसच्या मावशींना इंग्लिश पानाचा काय उपयोग.

इंजेक्शनवर तुमचं घोडं अडणार, आमचंही अडलं. पेनसारखं ऑटोइंजेक्टर आपल्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही, बाहेरून मागवायचं तर महाग. काचेचं ॲम्प्युल, म्हणजे औषधाची बंद कुपी, स्वस्त असतं पण ते फोडायचं, सिरिंजमध्ये भरायचं आणि द्यायचं, हे सगळं घाबरलेल्या माणसाने. शाळा म्हणणार आम्ही इंजेक्शन देत नाही. यावर वाद घालत बसू नकोस, विचार की सिक रूममध्ये सिस्टर आहेत का, किती वाजेपर्यंत असतात, त्या नसतील तेव्हा कोण. आमच्या डॉक्टरांनी सिस्टर आणि दोन शिक्षकांना तासभर बसवून शिकवलं, सलाइनचं पाणी आणि मोसंबी घेऊन. पीटीचे सर पहिल्यांदा ॲम्प्युल फोडताना इतके घाबरले की रुमालासकट लांब फेकलं. तिसऱ्यांदा जमलं. डोस वजनावर असतो, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलीला ०.२, त्यामुळे प्लॅन दर जूनला नवीन, आणि तेव्हाच एक्स्पायरी बघायची. औषधाचा डबा कुलपात नको हे लिहून घे. आमच्या शाळेत पहिल्या वर्षी तो कपाटात होता आणि किल्ली क्लार्ककडे, क्लार्क जेवायला!

मग मुख्याध्यापिकांना पत्र, भेटीची वेळ मागणारं, आणि ऑफिसमधून पोच घ्यायची, आवकचा शिक्का आणि तारीख. लाजू नकोस, बिल भरल्यावर पावती घेतोच ना. भेटीला नवऱ्याला ने (एकट्या आईला "मॅडम तुम्ही फार टेन्शन घेता" हे ऐकावं लागतं, मी ऐकलंय). जे ठरेल ते त्याच रात्री ईमेल कर, "आज आपलं असं असं ठरलं, काही राहिलं असेल तर कळवा." बदली शिक्षकांच्या फोल्डरमध्ये तिचं पान पहिलं. डबा खायच्या आधी-नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही. वाढदिवसाला खाऊऐवजी पेन्सिल-रबर. पिकनिकला औषधाचा डबा ज्यांच्याकडे, त्यांच्याच बसमध्ये मुलगी. आणि डबा खाताना तिला एकटीला कोपऱ्यात बसवायचं नाही, तिच्या टेबलावर दोन मैत्रिणी ज्यांच्या डब्यात दाणे नाहीत, हे पण लिहून घे.

शाळेत शेंगदाणा बंद करा असं मात्र मागू नकोस. माझं मत आहे, तुला पटणार नाही कदाचित. एकादशीला अर्ध्या वर्गाच्या डब्यात खिचडी असते, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, कोण कुणाचा डबा तपासणार? बंदी कागदावर राहते, तू निर्धास्त होतेस आणि वर बाकीच्या आया व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझ्या नावाने खडे फोडतात. तेवढी ताकद तिच्या टेबलासाठी आणि त्या औषधाच्या डब्यासाठी वापर.

एक कागद ते तुझ्यासमोर ठेवतील, हमीपत्र, की काही झालं तर शाळा जबाबदार नाही. तसंच्या तसं सही करू नकोस, भांडूही नकोस. घरी आण, आणि त्यात वाक्य घाल की डॉक्टरच्या प्लॅनप्रमाणे स्टाफने ॲड्रेनालिन द्यायला आमची संमती आहे आणि चांगल्या हेतूने दिलं तर आमची तक्रार नाही. त्यांना भीती केसची असते, ती भीती गेली की सुई हातात घ्यायला माणसं तयार होतात. आमच्याकडे या एका वाक्याने काम झालं, आधी तीन महिने नुसते हेलपाटे.

पाकिटाच्या खाऊवर शेंगदाणा, इतर नट्स, दूध, अंडं, सोया, गहू असं ॲलर्जीचं छापावं लागतं, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२०चा नियम आहे. पण तीळ त्या यादीत नाही, आणि मिठाईवाल्याच्या सुट्ट्या बर्फीला लेबलच नाही. त्यामुळे लेकीला एकच वाक्य पाठ करून घे, "आईला विचारून खाते." सासूबाईंना पण पाठ करून घे, "थोडं थोडं दिलं की सवय होते" हे त्या म्हणणारच, आमच्याकडे तर चोरून लाडू भरवला होता, तो किस्सा समोर भेटलो की सांगते.

शाळा १५-१६ जूनच्या आसपास उघडेल, तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. रविवारी नौपाड्याला ये, लेकीचं वजन करून ये. पत्राचा मसुदा माझ्या लॅपटॉपवर आहे, नावं बदलू. रिकाम्या सिरिंज माझ्याकडे आहेत, तू फक्त येताना स्टेशनवरून दोन मोसंबी घे.

काकू