मान मोडून घेण्याआधी

प्रश्न : मॅडम, मी ५६ वर्षांची, हायस्कूलला शिक्षिका आहे. गेल्या पंधरवड्यात जावयांच्या गाडीतून हातकणंगल्याहून परत येत होतो. तावडे हॉटेलजवळ वाहतूक तुंबली म्हणून गाडी उभी होती, तेवढ्यात मागून टेम्पोनं ठोकलं. रक्त नाही, साधं खरचटलंही नाही. दवाखान्यात एक्स-रे काढला, ‘हाड शाबूत आहे, गोळ्या घ्या’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मान धरली. आता उजवीकडे वळतच नाही, डोक्याच्या मागून ठणका येतो. मुलगा मोबाईलवर कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हातानं झटका देऊन मान-पाठ मोकळी करणाऱ्यांचे, व्हिडिओ दाखवतो. कडकड आवाज येतो आणि माणूस हसत उठतो. असाच एक जण पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात दोन दिवसांचं शिबिर घेणार आहे, नाव नोंदवू का? दीर म्हणतात, त्यापेक्षा तालमीतल्या वस्तादांकडे चला, एका झटक्यात मान मोकळी करतात. अधूनमधून डाव्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात मुंग्या येतात, ते वयामुळं असेल.
– एक वाचक, उजळाईवाडी

उत्तर : ताई, तुमचं पत्र हाती आलं त्याच दिवशी मी फोन केला, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. कारण तुमचं शेवटचं वाक्य. जाता जाता लिहिलंत आणि वयावर ढकलून दिलंत, पण सगळ्या पत्रात मला महत्त्वाचं वाटलं ते तेवढंच.

अंगठा आणि तर्जनीतली संवेदना मानेतून निघणाऱ्या सहाव्या नसेवर (मज्जातंतूवर) बरीचशी अवलंबून असते. मानेला हिसका बसल्यावर नेमक्या त्याच बोटांना मुंग्या येत असतील, तर ती नस कुठं दाबली जातेय का, हे बघायलाच हवं. एक्स-रे काढला तेव्हा मुंग्या नव्हत्या. शिवाय एक्स-रेत हाडं दिसतात, दोन मणक्यांमधली गादी आणि नस दिसत नाही. म्हणजे ‘हाड शाबूत आहे’ हे त्या वेळी बरोबरच असेल, पण तुमचा आजचा प्रश्न हाडापलीकडचा आहे. हाडांच्या किंवा मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांना परत दाखवा, सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत गेलात तरी चालेल. आत गेल्यावर मुंग्यांचं आधी सांगा, दुखण्याचं नंतर. ते हाताची ताकद आणि रिफ्लेक्स तपासतील, गरज वाटली तर एमआरआय सांगतील. अपघातानंतर मानेचे फोटो कुणाचे काढायचेच, यासाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये एक नियम मांडला, तो आज जगभर वापरतात. वय ६५ किंवा जास्त असेल, किंवा हातापायांत मुंग्या असतील, तर फोटो हवाच. मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळत नसेल, तरीही हवा.

आता त्या शिबिराचं. नाव नोंदवू नका. निदान मुंग्यांचा उलगडा होईपर्यंत तर अजिबात नको, मग समोरचा माणूस कितीही शिकलेला असो.

कायरोप्रॅक्टिक ही विद्या अमेरिकेतली. १८९५ मध्ये आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी ती सुरू केली. मणके जागेवरून सरकतात आणि बहुतेक रोग त्यातून होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते वैद्यकशास्त्रानं मानलेलं नाही. पण परदेशात चार-पाच वर्षं रीतसर शिकून परवाना घेतलेले आजचे चांगले कायरोप्रॅक्टर आधी तपासतात, व्यायाम शिकवतात, आणि नसेची लक्षणं दिसली तर रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. मानदुखीत हातांचे हळुवार उपचार आणि व्यायाम एकत्र केले तर आराम पडतो, फिजिओथेरपिस्ट म्हणून मीही रोज तेच करते. अडचण आपल्याकडची आहे. भारतात या व्यवसायासाठी कायद्यानं नेमलेली परिषद नाही, त्यामुळं पाटी कुणीही लावू शकतो. आमच्या फिजिओथेरपीसाठी महाराष्ट्रात २००२ चा कायदा आहे, राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि मला कुणी विचारला तर राग येत नाही. दोन दिवस येऊन निघून जाणाऱ्याला तिसऱ्या दिवशी तुमचा हात बधिर झाला तर कुठं गाठणार?

त्या कडकड आवाजाची मात्र लोकांना फारच भुरळ पडलीय. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, सांधा झटक्यात ताणला की आतला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. तो आवाज त्याचा. हाड ‘जागेवर बसलं’ याचा तो पुरावा नाही. नंतर थोडा वेळ हलकं वाटतं हे खरं आहे, म्हणूनच व्हिडिओतला माणूस हसत उठतो. चौथ्या दिवशी तो कसा होता, हे कुणी दाखवत नाही.

मी एवढं कळकळीनं का सांगतेय? मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर चढतात. मान एका दमात पिळली तर क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर जाते, तिथं गुठळी धरते आणि पक्षाघात होऊ शकतो. हे दुर्मिळ आहे, पण घडतं. अपघाताच्या हिसक्यानंही अशी चीर पडू शकते, आणि सुरुवातीला तिची लक्षणं म्हणजे अनेकदा फक्त मानदुखी आणि डोक्यामागचा ठणका. तुम्ही लिहिलंय तेच. बहुतेकांचा ठणका आखडलेल्या स्नायूंचाच असतो, तुमचाही तसाच असावा. पण आधीच चीर असलेल्या मानेला कुणी झटका दिला तर काय, हा विचार मला सोडत नाही. बोलताना जीभ अडखळली, एकाचे दोन दिसू लागले, तोल गेला, गिळता येईना, अर्धा चेहरा बधिर झाला, तर १०८ ला फोन करायचा. सकाळची वाट बघायची नाही.

वस्तादांबद्दल. कोल्हापुरात राहून तालमीला नावं ठेवायची माझी छाती नाही. माझ्याकडं पैलवान येतात, वस्तादांच्या हाताला काय जाण असते ते मी बघितलंय. पण तो हात विशीतल्या, रोज माती खेळलेल्या मानेवर तयार झालेला आहे. तुमचं वय ५६, पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात, आणि वर गाडीचा हिसका. दीरांना प्रेमानं नाही म्हणा. केस कापून झाल्यावर मान मोडून देणाऱ्या सलूनवाल्यालाही घरातल्या सगळ्यांनी नाहीच म्हणावं. संधिवात असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या खाणाऱ्यांनी तर मानेला झटका देऊच नये.

दुखणं दुसऱ्या दिवशी का उमटलं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढं ढकलते, चार-पाच किलोचं डोकं क्षणभर मागंच राहतं आणि मान एस आकारात वाकते. स्नायू आणि सांध्यांची बारीक आवरणं ताणली जातात. सूज चढायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून रात्री बरा असलेला माणूस सकाळी आखडून उठतो.

डॉक्टरांनी नस सुरक्षित आहे म्हटल्यावर मग माझ्याकडं, किंवा जवळच्या कुठल्याही नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडं या. मी आरशासमोर बसवते आणि हनुवटी खांद्याकडं न्या म्हणते. अशा वेळी जवळजवळ सगळेच मान न वळवता अख्खं धड वळवतात आणि आपल्याला वळतंय असं समजतात. मग मी खांदे धरते. तेव्हा कळतं की मान चार बोटंही फिरत नाही. तिथून सुरुवात. दुखेल त्याच्या अलीकडं थांबत, दर दोन तासांनी दोन्ही बाजूंना सावकाश वळवायची. हनुवटी आत ओढून पाच मोजायचे. बहुतेकांना काही आठवड्यांत फरक पडतो, काहींचं दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं, पण त्यांनाही हालचालच बरं करते. फळ्यावर लिहायचं थोडे दिवस कमी करा, वह्या मांडीवर घेऊन तपासू नका.

अपघाताची नोंद पोलिसांत आणि दवाखान्यात झालीय ना, तेही बघून ठेवा. भरपाईचा दावा करायचा झाला तर कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, आणि मुंग्या कधी सुरू झाल्या हे तारखेसह केसपेपरवर असलेलं बरं.

प्रश्न : कारच्या अपघातानंतर मला गळ्याला कॉलर दिलाय. हाड मोडलेलं नाही, मुंग्याही नाहीत. काढला की भीती वाटते. किती दिवस घालू?
– वाचक, कागल

उत्तर : ज्यांनी दिला त्यांना विचारून लवकरात लवकर सोडा. हाड आणि नस ठीक असताना कॉलर फार दिवस घातला तर मानेचे स्नायू दुबळे होतात आणि भीती वाढते. आधी घरात तासभर काढून बघा, मग अर्धा दिवस. आणि गाडीतली डोक्यामागची उशी बघा. बहुतेक गाड्यांत ती खाली दाबलेली, मानेच्या पातळीला असते. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याला येईल इतकी ती वर ओढायची, आणि डोकं तिच्या जवळ ठेवून बसायचं. मागून धडक बसली तर मान वाचवते ती हीच.