वाचक विचारतात: शहराच्या वेशीवरचा ‘पार्क अँड राइड’ तळ

प्रश्न : गाडी वेशीवर लावून पुढे बसने जाण्याची सोय करायची, तर तळासाठी जागा कुठे निवडावी?

सकाळच्या वाहनांच्या रांगेचं शेपूट जिथपर्यंत येतं, त्याच्याही अलीकडे, शहराबाहेरच्या बाजूला. अर्धा तास रांगेत घासत आलेला माणूस उरलेल्या दोन किलोमीटरसाठी गाडी सोडून बसची वाट बघत बसत नाही. म्हणून नकाशावर मोकळा भूखंड शोधण्याआधी कामाच्या दोन-तीन दिवशी सकाळी रस्त्यावर उभं राहून शेपूट कुठवर जातं ते बघावं. ऑक्सफर्डचा रेडब्रिज तळ १९७३ साली सुरू झाला, तो शहराच्या दक्षिणेला रिंगरोडपाशीच. प्रवेश शहराकडे जाणाऱ्यांच्याच बाजूला ठेवा. समोरची वाहतूक कापून आत वळावं लागलं की निम्मे लोक पहिल्याच आठवड्यात नाद सोडतात. शिवाय आत किती जागा शिल्लक आहे हे सांगणारा फलक वळणाच्या किलोमीटरभर आधी हवा. वळणावरच लावलेला फलक वाचेपर्यंत गाडी पुढे निघून गेलेली असते.

प्रश्न : ६०० गाड्यांच्या तळाला जागा किती आणि बस किती लागतील?

जागेचं गणित सोपं आहे. एका गाडीचा चौकोन २.५ बाय ५ मीटर, म्हणजे १२.५ चौरस मीटर. समोरासमोरच्या ओळींमध्ये ६ मीटरचा रस्ता लागतो, त्यातला निम्मा वाटा प्रत्येक चौकोनाला लावला की झाले २० चौरस मीटर. कोपरे, वळणं, पायवाटा धरून २५ ते ३० धरावेत. म्हणजे ६०० गाड्यांना १५ ते १८ हजार चौरस मीटर. बसथांबा, झाडं आणि पाण्याचा निचरा यांसह दोन हेक्टर हाताशी असावेत.

खरी मेख बसमध्ये आहे, आणि तिथेच हात आखडला जातो. समजा, गर्दीच्या तासात २४० गाड्या आल्या आणि गाडीमागे सरासरी १.२ माणसं धरली, तर २८८ प्रवासी झाले. दर ८ मिनिटांनी ४० आसनांची बस सोडली, तर तासाला ३०० जण बसून जातात. जाऊन-येऊन, दोन्ही टोकांचा थांबा धरून, फेरी ४८ मिनिटांची असेल तर ४८ भागिले ८, म्हणजे सहा बस लागतील. सातवी राखीव ठेवा, कारण बंद पडणारी बस गर्दीच्या वेळेलाच बंद पडते.

आता याच बस इतर वाहनांसोबत कोंडीत अडकल्या आणि फेरी ६४ मिनिटांवर गेली, तर तेवढ्याच सहा बस जवळपास ११ मिनिटांनी एक अशा येतात. तासाला सव्वादोनशेच आसनं उरतात. साठेक माणसं उभ्याने जातात किंवा थांब्यावर राहतात. शिवाय बसही गाडीइतकीच रखडणार असेल, तर उतरायचं कशाला? तेव्हा तळाच्या खर्चात बससाठीची वेगळी मार्गिका आणि सिग्नलवरचं प्राधान्य पहिल्या दिवसापासून धरा. ‘पुढच्या टप्प्यात’ ढकललेली मार्गिका सहसा होत नाही.

प्रश्न : आत जागा मोकळी असते, तरी फलक ‘पूर्ण भरला’ दाखवतो. असं का?

फलक चौकोन बघत नाही. तो आलेल्या गाड्यांतून गेलेल्या वजा करतो. ही मोजणी बहुतेक ठिकाणी फाटकापाशी रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याने होते. बाहेर पडताना दोन गाड्या एकमेकींना चिकटून गेल्या की एकच मोजली जाते. दिवसाला सहा गाड्यांची चूक एकाच दिशेने होत राहिली, तर आठवड्यात चाळीसेक ‘भुताच्या’ गाड्या आत उभ्या राहतात. उपाय स्वस्त आहे: शेवटची बस गेल्यावर पहारेकऱ्याने उरलेल्या गाड्या मोजून आकडा यंत्रात भरायचा, रोज. दुचाकींना वेगळं फाटक द्या, म्हणजे हिशेबात गोंधळ होत नाही.

मात्र खरोखरचे ९५ टक्के चौकोन भरल्यावर ‘पूर्ण’ दाखवणं योग्यच आहे. नाहीतर शेवटच्या काही जागांसाठी गाड्या आत गोल गोल फिरत राहतात आणि बसची वाट अडवतात.

प्रश्न : पावसात तळावर पाणी साचतं.

उतार बघा. ६० मीटरला एक मीटर तरी हवा, आणि तो थांब्याकडे नको. गटारात सोडण्याआधी पाणी तेल वेगळं करणाऱ्या चेंबरमधून न्या. हा चेंबर वेळच्या वेळी उपसला नाही तर तेल तसंच पुढे जातं.

प्रश्न : पार्किंग फुकट ठेवावं का?

पार्किंगचे आणि बसचे पैसे वेगवेगळे घेऊ नका. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात गाडी लावल्याच्या तिकिटातच गाडीतल्यांचा ट्रामप्रवास येतो; चौघं आले तरी चार तिकिटं काढावी लागत नाहीत. निव्वळ फुकट ठेवलं, तर शेजारच्या कचेऱ्यांतले लोक तिथे गाड्या लावून चालत कामावर जातात.

दुसरा धोका जास्त मोठा आहे. पूर्वी गावातूनच बस धरणारे लोक आता तळापर्यंत गाडी घेऊन येऊ लागतात. त्या बसचे प्रवासी घटतात, फेऱ्या कमी होतात आणि मग उरलेल्यांनाही गाडी काढावी लागते. म्हणून तळ सुरू झाल्यावर तिथे येणाऱ्यांना विचारा की आधी कसे जात होतात. त्यांत बसवाले बरेच निघाले, तर तळ वाढवण्याऐवजी गावच्या फेऱ्या वाढवा.