आमदारांना निवेदन देण्यापूर्वी

आरोग्यावरील खर्च वाढवण्यासाठी आमदारांना द्यायच्या निवेदनाचा आपला मसुदा वाचला. तळमळ दिसते, परंतु अकरा मागण्यांचे निवेदन फायलीतच राहते. एकच मागणी ठेवा आणि तिच्यासोबत रक्कम व विभाग लिहा, उदाहरणार्थ अमुक ग्रामीण रुग्णालयाच्या दुरुस्तीसाठी सार्वजनिक आरोग्य विभागाकडून इतका निधी. ‘आरोग्यावरील खर्च वाढवा’ एवढ्यावर कोणताही आमदार काही करू शकत नाही.

नवख्यांची दुसरी चूक वेळेची असते. नागपूरचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात भरते व त्यात पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पात मंजूर रकमेपेक्षा जादा खर्चासाठी सरकारचे प्रस्ताव) येतात, तर मुख्य अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास मुंबईत मांडला जातो. तारांकित प्रश्नही (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावा लागत असल्याने, विधानभवनाच्या गर्दीत गाठण्याऐवजी आमदारांना मतदारसंघातच लवकर भेटा. मोर्चा अवश्य काढा, पण या भेटीनंतर. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (सरकारच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारा प्रस्ताव) या सभागृहातील इतर मार्गांचा विचार तूर्त नको.